गावातल्या घरी गाडीचा चार्जर: पैसा आधी अर्थिंगवर, मग वायरवर, उरला तर खोक्यावर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. गाव दारव्हा तालुक्यात, नोकरी यवतमाळला, रोजचं जाणं-येणं ८० ते ८५ किलोमीटर. २४ युनिटच्या बॅटरीची टियागो ईव्ही बुक केली आहे आणि पावतीवर ३.३ किलोवॅट चार्जिंगचा पर्याय लिहिलेला आहे. शोरूमवाला म्हणतो, ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर घ्याच. घरी सिंगल फेज मीटर. गाडी उभी राहणार ती छपरी मीटरपासून ३५ मीटरवर, कोठ्याला लागून. संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. घरामागच्या वावरात पंपाची थ्री फेज लाईन आहे, ती वापरावी का, हा एक प्रश्न. आणि गावचा वायरमन म्हणतो, अर्थिंगची कटकट कशाला, सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तार मारून देतो. ते चालेल का, हा दुसरा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी: ती तार मारू देऊ नका. कोणी कितीही अनुभवी असो, हे काम करायला निघाला तर त्याला पाना खाली ठेवायला सांगा.

कारण समजून घ्या. गाडीसोबत येणारी चार्जिंगची केबल आधी अर्थ आहे का ते तपासते. अर्थ सापडला नाही तर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. न्यूट्रल आणि अर्थ जोडले की तिला अर्थ सापडल्यासारखं वाटतं, हिरवा दिवा लागतो आणि सगळे खूश होतात. पण आपल्याकडे खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमची, खांबावरचा जोड बहुतेक ठिकाणी नुसता पिळलेला. वाऱ्या-वादळात न्यूट्रलचा जोड निखळणं ही गावात नेहमीची गोष्ट आहे. तो निखळला की घरातल्या चालू दिव्या-पंख्यांतून फेज न्यूट्रलच्या तारेवर येतो, तिथून त्या जोडणीने अर्थच्या पिनवर आणि पिनवरून थेट गाडीच्या पत्र्यावर. गाडी रबराच्या टायरवर उभी असते, त्यामुळे वीज जमिनीत जात नाही, पत्र्यावर वाट पाहत राहते. पावसात अनवाणी लेकरू दार उघडायला गेलं की ती वाट त्याच्या अंगातून मोकळी होते. तिथे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून लाईन तोडणारा स्विच, नसेल तर लाईन बंद करणारं काहीच मध्ये नसतं.

म्हणून खर्चाची सुरुवात अर्थिंगपासून करा. तुमची जमीन काळी, भारी. अशी माती ओली असताना अर्थिंगला फार चांगली. पावसाळ्यात अर्थ टेस्टर लावला तर आकडा सुरेख येतो आणि ठेकेदार कागदावर तोच लिहून देतो. पण हीच माती एप्रिल-मे मध्ये आक्रसते, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाईपभोवतीची माती पाईपला सोडून देते. मग तोच खड्डा निकामी. त्यामुळे भारी जमिनीतलं अर्थिंग मे महिन्यात मोजायचं. तेव्हा अर्थचा रोध ५ ओमच्या आत आला तर वर्षभराची काळजी नाही.

४० मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप किंवा तांब्याचा मुलामा असलेला रॉड, तीन मीटर खोल, भिंतीपासून किमान दीड मीटर लांब. भोवती मीठ-कोळसा भरण्याची जुनी पद्धत आहे आणि ती चालते, पण मीठ पाण्यासोबत वाहून जातं आणि जीआयला गंज चढवतं. त्यापेक्षा बेंटोनाइट भरा. ती ओल धरून ठेवणारी माती आहे, आणि ती फुगून पाईपला चिकटून राहते. काळ्या जमिनीत मला तेच पटतं. जागा शक्यतो न्हाणीचं पाणी जिथे मुरतं त्याच्या आसपास निवडा, उन्हाळाभर ओल आपोआप राहील. मात्र जनावरं बांधता ती जागा सोडा. बिघाडाच्या वेळी खड्ड्याभोवतीच्या जमिनीत व्होल्टेज पसरतं. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय लांब अंतरावर असतात, त्यामुळे माणसाला जाणवणार नाही एवढ्या व्होल्टेजनेही जनावर कोसळतं. तुमची छपरी कोठ्याला लागून आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. खड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला घ्या आणि तिथून अर्थची स्वतंत्र तांब्याची वायर चार्जिंगच्या बोर्डापर्यंत आणा.

आता अर्थिंग चांगलं झालं म्हणून काम संपत नाही. समजा अर्थचा रोध १० ओम आहे. फेज गाडीच्या पत्र्याला लागला तर जास्तीत जास्त २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जमिनीत जातील. २० अँपिअरची एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, एवढ्याने लगेच पडत नाही. नेहमीच्या सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायला तिच्या आकड्याच्या ५ ते १० पट करंट लागतो. म्हणजे पत्रा बराच वेळ जिवंत राहणार. माणूस वाचवते ती आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही गाडीच्या प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त नाही अशी आरसीडी (आरसीसीबी याच जातीची) सांगितली आहे. घरच्या मेन बोर्डात एक आरसीसीबी आहे म्हणून तिच्यावर भागवू नका, गाडीची वेगळी ठेवा.

घेताना एक बघा. तालुक्याच्या दुकानात सहसा एसी प्रकारची आरसीसीबी हातात देतात, कारण ती स्वस्त. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे गळतीत डीसीचा अंश येऊ शकतो आणि एसी प्रकाराला तो ओळखता येत नाही. तुम्हाला ए प्रकार हवा. डब्यावर नुसती एक नागमोडी रेघ असेल तर तो एसी प्रकार. नागमोडी रेघेखाली अर्ध्या लाटांची दुसरी खूण असेल तर तो ए. भिंतीवरचा चार्जर घेणारा असेल त्याने त्यात ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय आहे का हे विचारावं. नसेल तर महागडी बी प्रकारची लागते. आरसीसीबी बसवल्यावर महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबत जा. न पडल्यास त्याच दिवशी बदला.

आता ७.२ किलोवॅटच्या चार्जरचं. एसी चार्जिंगमध्ये भिंतीवरचं खोकं हे खरं तर एक शहाणं स्विच आहे. ते गाडीशी बोलतं, अर्थ तपासतं आणि लाईन सोडतं. एसीचं डीसी करून बॅटरी भरणारा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. तुम्ही घेतलेल्या गाडीत तो ३.३ किलोवॅटचा आहे. भिंतीवर ७.२ लावा नाहीतर ११ लावा, गाडी ३.३ च घेणार. शोरूमवाल्याने हे सांगायला हवं होतं. गाडी अजून ताब्यात आलेली नाही, त्यामुळे ७.२ चा पर्याय घ्यायचा असेल तर तो गाडीतच बदलून घ्यावा लागेल. पण तो लागेल का, ते आधी हिशोबाने पाहू.

८५ किलोमीटरला, युनिटमागे ८ किलोमीटर धरले तर साडेदहा-अकरा युनिट. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वाया जातात, म्हणून मीटरवर १२ युनिट धरा. चांगल्या व्होल्टेजला १५ अँपिअरच्या प्लगवर हे काम चार तासांच्या आत होतं. व्होल्टेज १८० असेल तर करंट तोच राहतो आणि शक्ती उतरते: १८० गुणिले १५, म्हणजे २.७ किलोवॅट. तरी साडेचार तास. रात्री १० ते सकाळी ६ गाडी घरीच उभी आहे. मध्ये दोन तास लाईट गेली तरी बॅटरी भरते. पूर्ण रिकामी गाडी भरायचा प्रसंग क्वचित येईल, तेव्हाही कंपनीच्या आकड्याप्रमाणे १० ते १०० टक्क्यांना पावणेनऊ तासांच्या आसपास लागतात. तुमच्या वापराला ३.३ पुरेसं आहे. शोरूमवाल्याने खोक्याचे जे पैसे सांगितले असतील त्यांतून अर्थिंग, केबल आणि बोर्ड हे तिन्ही उत्तम दर्जाचे करा. ५९ किंवा ७९ युनिटच्या बॅटरीची मोठी महिंद्रा घेणाऱ्याला किंवा रोज दोनशे किलोमीटर फिरणाऱ्याला मी वेगळा सल्ला दिला असता. त्याने थ्री फेज मीटर घ्यावं आणि मग मोठा चार्जर लावावा. सिंगल फेजवर ७.२ म्हणजे एकट्या गाडीचे ३१-३२ अँपिअर, त्यावर घरची मोटर, गिझर, कूलर. गावातल्या सिंगल फेज सर्व्हिस वायरला हे पेलत नाही. आणि ज्या डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, अख्खा मोहल्ला आहे ती ६३ केव्हीएची असेल तर शेजाऱ्यांचे पंखेही मंदावतील.

केबलचं काम तुमच्याकडे मोठं आहे, कारण अंतर ३५ मीटर. घरात सॉकेटला वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची वायर एवढ्या लांबीला १५ अँपिअरवर आठ-साडेआठ व्होल्ट खाते. आधीच १८० असलेल्या व्होल्टेजमधून आणखी आठ गेले तर गाडी मध्येच चार्जिंग थांबवू शकते. सहा चौरस मिलिमीटर तांब्याची घेतली तर तोटा साडेतीन व्होल्टवर येतो. खर्च कमी करायचा असेल तर १० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची आर्मर्ड (वरून लोखंडी कवच असलेली) केबल जवळजवळ तेवढंच काम देते. फक्त दोन्ही टोकांना ॲल्युमिनियम-तांब्याचे बायमेटल लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायच्या टोप्या, दाबून घ्या. ॲल्युमिनियमची तार सरळ एमसीबीच्या स्क्रूखाली दाबली की ती काही महिन्यांत ढिली होते आणि तिथेच जळते. अंगणातून बैलबंडी-ट्रॅक्टर जातो, उंदीर-घुशी आहेतच, त्यामुळे आर्मर्ड केबलच हवी. अडीच फूट खोल, खाली-वर वाळू, वर विटांचा थर. काळी माती उन्हाळ्यात केबलही ओढते, म्हणून दोन्ही टोकांना एकेक वेटोळं सैल सोडा. घराकडच्या टोकाला आर्मर अर्थला जोडायला विसरू देऊ नका.

छपरीत छोटा बोर्ड: २० अँपिअरची एमसीबी, ए प्रकारची आरसीसीबी, कमी-जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारं रिले आणि विजेच्या लाटेपासून वाचवणारं एसपीडी. व्होल्टेजचं रिले ऐच्छिक समजू नका. डीपीवरचा न्यूट्रल गेला की एखाद्या घरात २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्ट येतात. टीव्ही-फ्रीज जळतात ते त्या दिवशीच. गाडीचा आतला चार्जर जळाला तर खर्च त्याहून कितीतरी मोठा. एसपीडी चांगल्या अर्थशिवाय काहीच करत नाही आणि त्याची अर्थची वायर जेवढी आखूड तेवढा उपयोग. तरीही मृगाच्या आधीच्या वादळांत आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

सॉकेट १६ अँपिअरचं, आयएसआय खुणेचं, चांगल्या कंपनीचं. त्यावर गाडीशिवाय दुसरं काही लावायचं नाही. गिझर अर्धा तास चालतो, गाडी सलग चार तास पूर्ण करंट ओढते. स्वस्त सॉकेटची पितळी पट्टी एवढ्या वेळात तापते, ढिली होते, मग आणखी तापते. पहिल्या आठवड्यात रोज तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल किंवा पिना तपकिरी पडत असतील तर चार्जिंग थांबवा. महिन्याभराने मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळायचे. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही, नियमांतही त्याला मनाई आहे. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच ठेवा. आणि दुपारच्या उन्हाच्या भिंतीवर नको. आपल्याकडे मे मध्ये ४५ अंश होतात, टिनाच्या छपरीखाली त्याहून जास्त. एमसीबी तापली की आपल्या आकड्याच्या आधीच पडते आणि लोक म्हणतात चार्जर खराब आहे.

आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. दिवाळीच्या पुढे भाव येईपर्यंत कापूस घरात, छपरीत साठतो. त्याच कोपऱ्यात कुटाराचा ढीग, वर पऱ्हाट्या. चार्जिंगचा बोर्ड आणि गाडी अशा जागी नकोच. सॉकेटमधली एक ठिणगी, जी सिमेंटच्या भिंतीवर काळा डाग पाडून विझली असती, ती कापसात पडली तर घर जातं. छपरीत कापूस ठेवण्यावाचून इलाज नसेल तर ते दोन महिने गाडी आणि बोर्ड अंगणाच्या दुसऱ्या कडेला घ्या. केबल टाकतानाच याचा विचार करून जागा ठरवा.

पंपाच्या लाईनीचा मोह मला समजतो. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकारने २०२४ पासून माफ केलंय, लाईन थ्री फेज आहे आणि ती तुमच्या वावरातच आहे. पण ती सिंचनासाठी मंजूर आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते आणि तीही मागच्या काळासकट. त्याशिवाय तो पुरवठा दिवसा किंवा रात्री पाळीपाळीने, ठरावीक तासच असतो आणि पंप चालू-बंद होताना व्होल्टेज कुठेही उडी मारतं. गाडीसाठी त्याहून वाईट लाईन नाही. सौर पंपाच्या पॅनलवरूनही जोडू नका. त्याचा कंट्रोलर मोटर फिरवण्यासाठी असतो, गाडीला लागते तशी स्थिर लाईन तो देत नाही.

घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही, दरही घरगुतीच लागतो. मंजूर भार मात्र वाढवून घ्या. बिलावर तो छापलेला असतो, गावात बऱ्याच घरांना एक किलोवॅटसुद्धा नसतो. तुम्हाला किमान पाच हवा. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर होतो, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट घेऊन ठेवा. बिलाचा अंदाजही आताच घ्या. घरचे ८०-९० युनिट आणि गाडीचे महिन्याला ३०० च्या आसपास, म्हणजे तुम्ही १०० चा टप्पा ओलांडून ३०१ ते ५०० च्या टप्प्यात जाल. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटना लागतो, सगळ्यांना नाही, तरी फरक जाणवतो. गाडीसाठी वेगळी जोडणी मागायचा हक्क केंद्राच्या २०२४ च्या दुरुस्त नियमांनी दिला आहे, आणि गावात जोडणी १५ दिवसांत द्यावी असंही त्यात आहे. उपविभागीय कार्यालयातून दोन्ही पर्यायांचा महिन्याचा खर्च कागदावर मांडून घ्या आणि मग ठरवा. स्थिर आकारही त्यात धरायला सांगा.

संध्याकाळच्या १८० व्होल्टवर लगेच स्टॅबिलायझर घेऊ नका. तो खांबाकडून जास्त करंट ओढून व्होल्टेज चढवतो, म्हणजे सर्व्हिस वायर आणखी तापते. आधी दोष कुठे आहे ते शोधा. मीटरपाशी व्होल्टेज मोजा, मग दोन किलोवॅटचा गिझर चालू करून पुन्हा तिथेच मोजा. मीटरपाशीच मोठी घसरण दिसली तर दोष खांबावरच्या जोडात किंवा सर्व्हिस वायरमध्ये आहे. १९१२ वर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि लाईनमनकडून जोड लगसकट नवा करून घ्या. मीटरपाशी ठीक आणि सॉकेटपाशी घसरण असेल तर दोष तुमच्या वायरिंगचा. दोन्हीकडे गिझर लावण्याआधीपासूनच १८० असेल तर डीपीवर एका फेजला जास्त घरं आहेत. त्यावर लेखी अर्ज हवा, कारण कमी दाबाच्या ग्राहकाला २३० च्या ६ टक्के खाली-वर, म्हणजे २१६ ते २४४ मध्ये व्होल्टेज मिळायला हवं. तोवर रात्री ११ नंतर चार्जिंग सुरू होईल अशी वेळ गाडीत लावा. गावाचे कूलर-मोटरी शांत झाल्या की व्होल्टेज बहुधा आपोआप वर येतं.

छतावर सोलर लावायचाही विचार तुम्ही लिहिला आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि तेवढं सोलर दिवसाला सरासरी १२ युनिटच्या आसपास देतं, योगायोगाने तुमच्या गाडीएवढंच. गाडी दिवसा यवतमाळला असते, पण नेट मीटरमुळे दिवसाचे युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतात. लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं, हे धरून चला. पॅनलला घाई नको. गाडी आल्यावर चार-सहा महिन्यांची बिलं हातात येऊ द्या, त्यात एक उन्हाळा असू द्या, आणि मग किती किलोवॅट लावायचं ते त्या बिलांवरून ठरवा. भारवाढीचा अर्ज आणि अर्थिंगचा खड्डा मात्र गाडी यायच्या आधी झाला पाहिजे.